"तुम्ही वाचलासा की समजतंय": सहावी ते दहावीच्या शिक्षकांसाठी वाचन-प्रशिक्षणाची वर्षभराची आखणी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी आठवीला विज्ञान शिकवत होतो. जुलैचा पाऊस, पत्र्यावर त्याचा आवाज, आणि मी नेहमीप्रमाणे मुलांकडून ओळीने धडा वाचून घेत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा त्याची पाळी दोन मुलांवर आली की पाणी प्यायला जायची परवानगी मागायचा. मला हे लक्षात यायला तीन महिने लागले. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं आणि पुस्तक पुढे ठेवलं. "विद्युत" या शब्दाचं त्यानं "विधुत" केलं, पुढचा शब्द गाळला आणि पुस्तक मिटून म्हणाला, "सर, तुम्ही वाचलासा की मला समजतंय."

तोपर्यंत मी अशा मुलांपुढे "अभ्यासात लक्ष नाही" एवढाच शेरा लिहीत आलो होतो. त्या मुलानं मात्र आपलं निदान स्वतःच सांगितलं होतं: कानानं ऐकलेलं कळतं, डोळ्यानं वाचायला जमत नाही. ते ऐकून पुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बीएडला वाचन शिकवणं म्हणजे पहिली-दुसरीचं काम, असंच गृहीत धरलं होतं. हा लेख त्या उणिवेवर आहे. मुख्याध्यापक, सीआरपी (शाळांच्या समूहाचे साधनव्यक्ती) किंवा पुढाकार घेणारा एखादा अनुभवी शिक्षक, कुणालाही आपल्या भागातल्या सहावी ते दहावीच्या शिक्षकांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण उभं करायचं असेल, तर ते कसं करावं हे मी टप्प्याटप्प्यानं सांगतो.

प्रश्न आपल्या तालुक्यापुरता नाही. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२३ सालच्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना त्यांच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला दिला होता. सुमारे चौथाई मुलांना तो सलग वाचता आला नाही. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचा सगळा भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे, आणि तो योग्यच आहे. पण जी मुलं तिसरी ओलांडून आज आठवीच्या बाकावर बसली आहेत, त्यांच्यासाठी हायस्कूलच्या शिक्षकाशिवाय कुणी नाही.

आधी गट आणि वेळ ठरवा

एका दिवसाचं, मोठ्या सभागृहातलं, शंभर जणांचं प्रशिक्षण या कामाला उपयोगी नाही. शिक्षकानं काहीतरी ऐकायचं, सोमवारी वर्गात करून बघायचं, फसलं तर पुढच्या खेपेला तेच पुन्हा मांडायचं, असा फेरा चालला पाहिजे. त्यासाठी बारा ते सोळा जणांचा गट पुरे. जवळजवळच्या सहा-सात शाळा घ्या आणि प्रत्येक शाळेतून किमान दोघे येतील हे पाहा. एकटा शिक्षक परत जाऊन एकटाच पडतो आणि दसऱ्यापर्यंत थंडावतो. दोघे असले की एकमेकांच्या वर्गात जाऊन बसता येतं.

गट फक्त मराठीच्या शिक्षकांचा करू नका. मी पहिल्या वर्षी ही चूक केली. मूल वाचताना अडतं ते विज्ञानात, समाजविज्ञानात आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत. त्या विषयांचे शिक्षक नसतील तर आठवड्यातले बहुतेक तास हातचे जातात. आणि कन्नड शिकवणारे शिक्षक तर हवेतच. आपली मुलं तीन भाषा आणि तीन लिप्या एकाच वेळी पेलतात. कन्नडच्या सरांना मुलाची जी अडचण दिसते ती मराठीच्या बाईंना दिसत नाही, आणि उलटही.

वेळेचं सांगायचं तर शनिवारी सकाळची शाळा सुटली की अडीच तास. पंधरवड्यातून एकदा. जून ते सप्टेंबर दरमहा दोन, ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुट्टीमुळे एक, नोव्हेंबर ते जानेवारी पुन्हा दोन-दोन आणि फेब्रुवारीत पूर्वपरीक्षांच्या धामधुमीत एकच, अशा सोळा बैठका होतात. त्याचे चाळीस तास. त्यात एकमेकांच्या वर्गांना दिलेल्या दहा भेटींचे दहा तास धरले की पन्नास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकानं वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय, तेव्हा हे तास त्यात धरावेत म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) जूनच्या आधीच लेखी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहा. वरून येणारं साहित्यही बहुधा कन्नडमध्येच असतं. गटातल्या दोघांकडे त्यातलं कामाचं तेवढं मराठीत उतरवायची जबाबदारी सोपवा, म्हणजे भाषांतरात बैठक खर्ची पडत नाही.

पहिली बैठक: वाचणं म्हणजे काय, हे शिक्षकाला अंगानं कळू द्या

व्याख्यानानं सुरुवात करू नका. गटाला एक कठीण कन्नड मजकूर द्या: विम्याच्या कागदावरचा बारीक अक्षरांतला परिच्छेद किंवा महसूल खात्याचं परिपत्रक. आपल्यापैकी बहुतेकांना कन्नड अक्षरं येतात, व्यवहाराचं बोलताही येतं, पण असा मजकूर वाचताना अर्धं लक्ष ओत्तक्षर (अक्षराखाली लिहिलेलं जोडव्यंजन) सोडवण्यात जातं आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. पाच मिनिटांनी प्रश्न विचारा. खोली शांत होते. एक बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या त्या तिघींचं रोज असंच होत असणार." पुढच्या पंधरा बैठकांचा पाया तिथेच पडला. (कन्नड घरातून आलेले शिक्षक गटात असतील तर त्यांना न्यायालयीन मराठीचा उतारा द्या. परिणाम तोच.)

मग थोडक्यात सिद्धान्त सांगा. फळ्यावर एकच गुणाकार लिहिला तरी पुरतं. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणून एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्याजवळच राहतं. पाणी प्यायला जाणाऱ्या त्या मुलाची दुसरी बाजू पक्की होती. मी मात्र त्याला पुन:पुन्हा "समजावून" सांगत होतो.

दुसरी आणि तिसरी बैठक: एका मुलाला ऐका

सगळ्या प्रशिक्षणात एकच गोष्ट करायला वेळ मिळाला तर ही करा.

प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातली चार मुलं निवडायची. सगळी कच्चीच नकोत; एक बरं वाचणारंही असू द्या, नाहीतर तुलनाच होत नाही. मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा वाचनालयाच्या कोपऱ्यात एकटं बोलवायचं. पहिलं वाक्य हे: "ही तुझी परीक्षा नव्हे. वाचन कसं शिकवायचं हे आम्ही शिकतोय, मला मदत कर." वाक्य खरं आहे, आणि मुलाला ते जाणवतं.

पाचवीच्या पातळीचा, मुलानं आधी न वाचलेला, दीडशे शब्दांच्या आसपासचा उतारा घ्या. एक प्रत मुलाकडे, एक आपल्याकडे. मूल मोठ्यानं वाचेल तसं आपल्या प्रतीवर खूण करत जा: जो शब्द चुकला त्यावर तो जसा वाचला तसाच लिहा, गाळला तर गोल करा, थांबला तर उभी रेघ मारा, स्वतःहून सुधारला तर बाजूला 'सु'. मधे बोलायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. शिक्षकाला हे फार जड जातं, म्हणून बैठकीत जोड्या लावून आधी सराव करा. उतारा संपला की चार प्रश्न: दोन उताऱ्यात थेट उत्तर असलेले, एक 'का' आणि एक 'मग पुढे काय झालं असेल'. नंतर त्याच पातळीचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावरही तसेच चार प्रश्न विचारा. दहा-बारा मिनिटांत एक मूल होतं.

आता दोन उत्तरं शेजारी ठेवा. वाचताना अडखळलं पण ऐकलेलं सगळं सांगितलं, तर काम अक्षर-शब्दांवर आहे. वाचन सुरळीत झालं पण दोन्हीकडे उत्तरं गडबडली, तर काम शब्दसंपत्ती आणि समजेवर आहे. अशी मुलं शिक्षकाच्या नजरेतून हमखास सुटतात, कारण ती "चांगलं वाचतात". दोन्हीकडे अडचण असेल तर दोन्ही कामं एकदमच सुरू करायची. आधी अक्षरं पक्की करू, मग अर्थाकडे वळू, असं म्हणून वर्ष घालवायचं नाही.

मिनिटाला किती शब्द, याच्या मागे लागू नका. इंग्रजीसाठी केलेले आकडे मराठीला लावणं चुकीचं आहे. "शाळेतल्यांपेक्षासुद्धा" हा आपला एक शब्द इंग्रजीत पाच-सहा शब्दांइतका होतो. वेळ मोजा, पण मुलाची तुलना त्याच्याच जूनमधल्या वाचनाशी करा.

आणि निष्कर्ष काढण्याआधी डोळे. पुस्तक नाकाशी धरणारं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल दिसलं की शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला त्याचं नाव द्या; ते काम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. कानांचंही तसंच. मन लावून बरेच महिने काम करूनही जोडाक्षरं टिकत नसतील, अक्षरांची अदलाबदल थांबत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला पालकांना सांगा. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनाची अडचण) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. 'ढ' हा शब्द मात्र गटातल्या कुणाच्याही तोंडून पुन्हा येता कामा नये.

चुका वाचायला शिका

चौथ्या बैठकीला सगळ्यांनी आपापल्या खुणा केलेल्या प्रती आणायच्या आणि जमिनीवर पसरायच्या. साठ-एक मुलांचं वाचन समोर येतं. माझ्या अनुभवात यातून चार ढीग हमखास निघतात.

पहिला ढीग जोडाक्षरांचा. त्यातही ज्यात घटक अक्षरं डोळ्यांना दिसत नाहीत ती जास्त अडवतात: द्य, द्ध, द्व, ह्म, क्ष, ज्ञ. 'विद्युत'चं 'विधुत' होतं कारण मुलाला द्य आणि ध सारखेच दिसतात. रफार ही वेगळीच गोष्ट. 'धर्म' हा 'धमर' आणि 'सूर्य' हा 'सूयर' वाचला जातो, कारण र लिहिला जातो नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी फळ्यावर लिहा. एक समुद्र, दुसऱ्या जांबोटीच्या रस्त्यावरच्या. ही जोडी मुलांच्या चटकन लक्षात राहते.

दुसरा ढीग सामान्यरूपांचा. मुलाला 'रोपटे' येतं, 'रोपट्यांच्या' येत नाही. 'पाणी' येतं, 'पाण्यातल्या' म्हटलं की शब्द अनोळखी होतो. आपण व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप शिकवतो आणि वाचनाच्या तासाला विसरतो.

तिसरा ढीग अंदाजाचा. पहिलं अक्षर बघून मूल जवळचा शब्द ठोकून देतं: 'परिणाम'च्या जागी 'परिमाण', 'प्रयत्न'च्या जागी 'प्रयोग'.

चौथा ढीग चुकांचा नाहीच, आणि हे शिक्षकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. छापलेलं असतं "ते काय करीत आहेत", मूल वाचतं "ते काय करुलालेत". त्यानं वाक्य डोळ्यांनी घेतलं, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या मराठीत बाहेर काढलं. हा वाचन झाल्याचा पुरावा आहे. यावर खूण करू नका, हसू नका, अडवू नका. बेळगावची, खानापूरची, निपाणीची बोली घेऊन आलेल्या मुलाला पहिल्याच ओळीत "नीट बोल" म्हटलं की ते पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. प्रमाण भाषा त्याला लिहिताना द्यायचीच आहे, पण त्यासाठी वेगळा वेळ काढा.

तेरा वर्षांच्या मुलाला अक्षरं शिकवताना

त्याच्यापुढे "कमळ बघ" ठेवू नका. तो येणं बंद करेल. आशय वयाला शोभेल असाच हवा, लिपीचं ओझं मात्र नेमकं मोजलेलं हवं. ट्रॅक्टर, मार्केट यार्ड, ग्रामपंचायत, बँकेचं पासबुक, क्रिकेटपटूंची नावं, तंबाखूची वखार, भाताच्या जाती: यात जोडाक्षरं भरपूर आहेत आणि बालिशपणा नाही.

रोज वीस मिनिटं, पाच-सहा मुलांचा गट. आमच्याकडे बिसियूट (शाळेतलं दुपारचं जेवण) झाल्यावरची वीस मिनिटं ठरली होती. पहिली तीन मिनिटं कालचे दहा शब्द. पुढची सहा मिनिटं एकाच जोडाक्षराचं कुटुंब: द्य घेतलं तर विद्या, उद्या, विद्युत, उद्योग, पद्य. शब्द तोडून दाखवायचा, बोटानं प्रत्यय झाकायचा, मग उघडायचा. 'प्रकाशसंश्लेषणाच्या' हा शब्द 'प्रकाश', 'संश्लेषण' आणि शेपटी असा उघडला की मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. मग चार मिनिटं पाच शब्दांचं श्रुतलेखन. हात चालला की डोळ्यांना ते अक्षर ओळखीचं होतं. उरलेली सात मिनिटं त्याच शब्दांचा छोटा उतारा, जोडीनं, दोनदा वाचायचा. उतारे शिक्षकांनी बैठकीत बसून लिहायचे. सोळा जणांनी प्रत्येकी दोन लिहिले की बत्तीस होतात, आणि ते आपल्या गावांचे असतात: हलशीचं मंदिर, हिडकलचं धरण, वडगावातले माग.

इथे कन्नडचा आधार घ्या. कन्नडमध्ये पहिलं व्यंजन वर पूर्ण आणि दुसरं खाली ओत्तक्षर म्हणून येतं. मराठीत पहिलं अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं. दोन्हीकडे उच्चाराचा क्रम एकच. आणि कन्नडचा अर्कावोत्तु हा रफाराचा सख्खा भाऊ, तोही लिहितात नंतर आणि म्हणतात आधी. एका शनिवारी कन्नडच्या सरांनी आणि मराठीच्या बाईंनी एकाच फळ्यावर 'धर्म', 'कर्म', 'वर्ग' दोन्ही लिप्यांत लिहून हा धडा घेऊन दाखवला. इतकी वर्षं एकाच शाळेत शिकवून आपण एकमेकांचा फळा कधी बघितला नव्हता, असं दोघंही म्हणाले.

ओळीने धडा वाचून घेण्याची पद्धत मात्र बंदच करा. मुलं ऐकत नाहीत. आपला परिच्छेद कितवा ते मोजत बसतात, आणि कच्च्या मुलासाठी ती जाहीर शिक्षा असते. मोठ्यानं वाचायचंच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद नेमून द्या आणि घरी चार वेळा वाचून यायला सांगा. पुन्हा पुन्हा वाचायला खरं कारण मिळालं तर उत्तमच. आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, शाळांतून पोवाडे आणि नाटुकली होतात. पोवाड्याची संहिता हातात घेऊन पंधरा दिवस तालीम करणारा मुलगा तीच जोडाक्षरं पन्नास वेळा वाचतो, आणि कुणी त्याला "उपचार वर्ग" म्हणत नाही.

ज्यांना वाचता येतं पण कळत नाही

या भागाला पाच-सहा बैठका द्या. आधी शब्द.

प्रत्येक विषयशिक्षकानं येणारा धडा घेऊन त्यातले शब्द तीन गटांत वाटायचे. रोजचे शब्द सोडून द्यायचे. 'परागीभवन', 'अपवर्तन' असे विषयाचे खास शब्द शिक्षक शिकवतोच, ते धड्यात ठळक छापलेले असतात. दुर्लक्ष होतं मधल्या शब्दांचं: घटक, परिणामी, अनुक्रमे, तुलनेने, प्रामुख्याने, गृहीत, त्याउलट. हे प्रत्येक विषयात येतात, म्हणून कोणत्याच विषयात शिकवले जात नाहीत. मूल या शब्दांवर अडतं आणि शिक्षकाला वाटतं की त्याला संकल्पना कळली नाही. आठवड्याला असे पाच शब्द ठरवा आणि सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी त्या आठवड्यात ते मुद्दाम वापरा.

काही ओळखीचे शब्द विषय बदलला की अर्थ बदलतात. 'व्यस्त प्रमाण' म्हटल्यावर मुलाला कामात असलेला माणूस आठवतो. भौतिकशास्त्रातलं 'कार्य' म्हणजे लग्नकार्य नव्हे. बीजगणितातलं 'पद' आणि तुकोबांचं पद वेगळं. सीमाभागात आणखी एक गुंता आहे. संस्कृतातून आलेला शब्द मराठी, कन्नड आणि हिंदीत सारखाच दिसतो आणि अर्थ निराळा निघतो: 'उद्योग' कन्नडमध्ये नोकरी, मराठीत कारखानदारी किंवा व्यवसाय, 'अवसर' कन्नडमध्ये घाई, हिंदीत संधी, 'उपन्यास' कन्नडमध्ये व्याख्यान, हिंदीत कादंबरी. भिंतीवर अशा शब्दांचा तक्ता लावा आणि मुलांनाच तो वाढवू द्या. तीन भाषांची ये-जा हे या मुलांचं धन आहे. पुणे-मुंबईच्या फार थोड्या मुलांना ते मिळतं.

मग समज. पॅलिंक्सर आणि ब्राऊन यांनी १९८४ साली मांडलेली परस्पर अध्यापनाची पद्धत मी शिफारस करतो, कारण ती सातवीच्या अशाच मुलांबरोबर वापरून पाहिली होती: अक्षरं वाचणारी, अर्थात मागे पडणारी. चार मुलांचा गट, चार कामं. एकानं पुढे काय येईल याचा अंदाज सांगायचा, दुसऱ्यानं परिच्छेदावर प्रश्न काढायचा, तिसऱ्यानं न कळलेल्या वाक्याचा किंवा शब्दाचा खुलासा करायचा, चौथ्यानं दोन वाक्यांत सार सांगायचं. दर परिच्छेदाला कामं फिरतात. पहिले तीन आठवडे शिक्षकानं स्वतः चारही कामं मोठ्यानं करून दाखवायची: "इथे मी अडलो, 'त्याउलट' म्हणजे कशाच्या उलट? मागे जाऊन बघतो." मोठा माणूसही वाचताना अडतो आणि मागे जातो, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. शिक्षकांना हे करून दाखवताना संकोच वाटतो, म्हणून बैठकीत प्रत्येकाकडून एकदा तरी करून घ्या. माझा सल्ला: आधी 'खुलासा' एवढंच एक काम महिनाभर चालवा. चारही एकदम दिली की वर्गात नाटक होतं, वाचन होत नाही.

विषयागणिक वाचन वेगळं असतं, हेही दाखवावं लागतं. इतिहासाचा परिच्छेद घ्या: कित्तूरच्या राणी चेन्नम्मांची इंग्रजांशी लढाई १८२४, त्यांच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगड इथे १८३१ मध्ये फाशी. "कोणत्या साली?" एवढंच विचारलं तर मूल आकडा शोधून थांबतं. "चेन्नम्मांच्या निधनानंतरही रायण्णा का लढत राहिला, आणि हे परिच्छेदात कुठल्या वाक्यावरून कळतं?" असं विचारलं की त्याला परत मजकुरात शिरावं लागतं. नंदगड आपल्या तालुक्यात आहे. मुलं तिथल्या समाधीवर जाऊन आलेली असतात, मग वाचलेलं आणि पाहिलेलं जुळवता येतं. भूगोलात नकाशा, तक्ता आणि मजकूर एकत्र वाचायचे असतात. कणकुंबीचा धो धो पाऊस आणि अथणीचं कोरडं रान एकाच जिल्ह्यात आहे, हे पर्जन्याच्या आलेखावर शोधायला लावा. गणितात तर प्रश्न दोनदा वाचायचा नियमच करा: एकदा गोष्ट कळण्यासाठी आणि एकदा काय काढायचंय ते पाहण्यासाठी.

लिहिण्याबद्दल एवढंच: रोज कोणत्याही एका तासाच्या शेवटी दोन वाक्यं, स्वतःच्या शब्दांत, पुस्तक बंद करून. तपासताना शुद्धलेखन नाही, आशय बघायचा.

एकमेकांच्या वर्गात

बैठकीत पटलेली गोष्ट वर्गात उतरत नाही, कारण वर्गात पन्नास गोष्टी एकदम चालू असतात. म्हणून भेटी. सोबत्याच्या तासाला मागे बसा आणि शिक्षकाकडे नव्हे, ठरवलेल्या तीन मुलांकडे बघा: त्यांनी मजकूर किती वेळ डोळ्यांखाली धरला, कुठे सोडला, कुणाच्या तोंडाकडे पाहून उत्तर दिलं. तास संपला की दहा मिनिटं बोलायचं. पहिलं वाक्य निरीक्षण असावं, मत नव्हे: "तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं तक्ता पाहिलाच नाही." या भेटींचा कोणताही कागद वर जाणार नाही, हे मुख्याध्यापकांसमक्ष ठरवून घ्या. तपासणी आली की माणूस सजवून धडा घेतो आणि शिकणं थांबतं.

मुख्याध्यापकांची एक हरकत नेहमी येते: अभ्यासक्रम मागे पडेल, एफए (आकारिक मूल्यमापनाची चाचणी) तोंडावर आहे. हरकत खोटी नाही. तिला उत्तर असं की विषयाच्या तासात वेगळा वेळ मागायचा नाही. धडा तोच, फक्त वाचायची पद्धत बदलायची. वेगळी वेळ लागते ती अक्षरांवर काम करणाऱ्या गटांना, आणि ती दिवसाला वीस मिनिटंच आहे. दहावीच्या मुलांबाबत नोव्हेंबरनंतर मी तडजोड करतो. त्यांना प्रश्नपत्रिकाच वाचायला शिकवतो: 'स्पष्ट करा', 'कारणे द्या', 'फरक सांगा' यांत काय मागितलंय ते. सहावी-सातवीत काम सुरू झालं असतं तर ही तडजोड करावी लागली नसती, हे माहीत असूनही.

पुस्तकांसाठी पैसे लागतातच असं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी उतरवून घेता येतात. वर्गात चाळीस पुस्तकांची एक पेटी ठेवा, कुलूप लावू नका. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक.

नोंद

प्रत्येक निवडलेल्या मुलासाठी शंभर पानी वहीतली दोन पानं. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी असं तीनदा तेच व्हरांड्यातलं वाचन, त्याच पातळीचा नवा उतारा. चुकलेल्या शब्दांची यादी, दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं, आणि मूल काय म्हणालं त्यातलं एक वाक्य त्याच्याच शब्दांत. ऑक्टोबरात फारसा फरक दिसत नाही, आणि शिक्षक तिथेच खचतात, म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्या बैठकीत जूनच्या आणि ऑक्टोबरच्या खुणा केलेल्या प्रती शेजारी ठेवून बघा. आकडा तोच असला तरी चुकांचा प्रकार बदललेला असतो. अंदाजानं ठोकणारं मूल आता थांबून शब्द तोडू लागलेलं असतं. त्यामुळे ते आधीपेक्षा हळू वाचतं, आणि ही प्रगतीच आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या बैठकीला पुढच्या वर्गाच्या वर्गशिक्षकांना बोलवा. सातवीनंतर बरीच मुलं गावची शाळा सोडून हायस्कुलात जातात आणि त्यांच्याबद्दल कळलेलं सगळं जुन्याच शाळेत राहून जातं. प्राथमिकच्या बाईंनी आपली वही हायस्कूलच्या सरांच्या हाती समक्ष द्यावी आणि एकेका मुलाबद्दल पाच मिनिटं बोलावं. पाण्याला जाणाऱ्या माझ्या त्या विद्यार्थ्याची वही मी नववीच्या बाईंकडे दिली तेव्हा त्यातलं शेवटचं वाक्य फेब्रुवारीचं होतं: "सर, मी वाचतो, तुम्ही नुसतं बसा."